रविवारची पाळी

पहिल्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी माझी वही मागितली. मला वाटलं, तपासणार. सकाळपासून मी आठ पानं भरली होती. कोण काय म्हणालं, कोण कुठे गप्प बसलं, कुणाचे वकील किती वेळा घड्याळाकडे बघत होते, सगळं त्यात होतं. मॅडमनी त्यातला एक शब्दही वाचला नाही. आठ पानं सोडवून माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "फाड. बारीक फाड."

कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बार कौन्सिलच्या नियमांनुसार किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. त्यातले चार आठवडे मी २०२३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात काढले. कॉलेजला रोजची डायरी द्यायची होती. तिच्यात तारीख, दाव्याचा नंबर, काय पाहिलं, काय शिकलं, सही असे रकाने होते. इथे मात्र जे पाहिलं तेच लिहायचं नव्हतं. मध्यस्थीच्या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही, न्यायाधीशांकडेसुद्धा नाही. तडजोड झाली तर तिचा कागद जातो, नाही झाली तर 'मध्यस्थी असफल' एवढाच अहवाल. का फिसकटली, कुणामुळे फिसकटली, याचं अक्षर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या निकालात हे बजावून सांगितलं आहे. मी निकाल वाचला होता, पण त्याचा अर्थ स्वतःच्या हस्ताक्षराचे तुकडे करताना कळला.

आता लिहितेय तेही पक्षकारांना विचारून, गावाच्या आणि माणसांच्या खुणा पुसून. मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन वाक्यं खोडली.

मॅडम म्हणजे केंद्राच्या यादीवरच्या मध्यस्थ. वीसेक वर्षं दिवाणी वकिली, त्यावर मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण. मी चौथ्या वर्षाला, आणि चौथ्या वर्षाच्या मुलांना जेवढं येतं तेवढं नंतर कुणालाच येत नाही. दुसऱ्याच दिवशी चहा पिताना मी त्यांना ऐकवलं, की दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९, ज्याच्या जोरावर हे केंद्र चालतं, ते लिहितानाच चुकलं आहे. 'मध्यस्थी' आणि 'न्यायिक तडजोड' यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली आहे, आणि २०१०च्या ॲफकॉन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाला ती निस्तरावी लागली. मॅडमनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे. आता त्या खुर्च्या गोल कर."

खुर्च्या गोल करणं हे माझं रोजचं काम होतं. कोर्टाच्या दालनात न्यायाधीश उंचावर, वादी-प्रतिवादी मागच्या बाकांवर आणि मध्ये काळे कोट. इथे पक्षकार टेबलाशी आणि वकील त्यांच्या शेजारी. नऊ-नऊ वर्षं तारखांना आलेली माणसं पहिल्यांदा टेबलाला हात लावताना बिचकतात. कुणी काही विचारलं की आधी वकिलांच्या तोंडाकडे बघतात.

मी खोलीत बसायचं की नाही, हे दर वेळी दोन्ही बाजूंना विचारलं जायचं. एका नवरा-बायकोच्या प्रकरणात बायकोनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "नको," म्हणाली. तिचं बरोबरच होतं. ते दोन तास मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून शिपायाचे पुकारे ऐकत काढले. चार आठवड्यांत न जुळलेली प्रकरणं जुळलेल्यांपेक्षा जास्त पाहिली. एका भाडेकरूच्या प्रकरणात सगळं ठरलं, पेन हातात घेतलं, आणि 'थकबाकी' शब्दावरून मालक उठून गेले.

पण मला सांगायचं आहे ते वाटपाच्या दाव्याबद्दल.

दावा २०१४ सालचा. चार एकर दहा गुंठे बागायत, वडिलांच्या पश्चात दोन भाऊ आणि एक बहीण. थोरले वादी, धाकटे आणि ताई प्रतिवादी. थोरल्यांचं म्हणणं, विहिरीकडचा पूर्वेचा तुकडा मला द्या. धाकट्यांचं म्हणणं, तो मी कसतो, तो माझाच. पूर्वेचा तुकडा 'सरस', पश्चिमेचा 'निरस', आणि सरस-निरस मानानं वाटप कसं करायचं यावर दोन्ही वकिलांनी जाडजूड कागद लावले होते. उद्या प्राथमिक हुकूमनामा झाला असता, तरी प्रकरण कलम ५४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, मोजणी होणार, हरकती येणार. एखादी पिढी त्यात सहज जाते.

पहिल्या बैठकीत मॅडमनी वाटपाचा विषयच काढला नाही. थोरल्यांना विचारलं, "तुमचा दिवस कसा जातो, ते सांगा." ते सांगू लागले. गाय, दूध, डेअरी, कांद्याची रोपं. मी वहीत लिहिलं, 'वेळ वाया.' धाकट्यांनाही तेच विचारलं. पुन्हा गाय, दूध, डेअरी.

आम्हाला वर्गात शिकवलेलं असतं की पक्षकाराची मागणी एक असते आणि गरज दुसरीच, तिच्यापर्यंत पोचायचं. माझ्या डोक्यात ती गरज म्हणजे मन. कुणीतरी कुणाचा तरी अपमान केला असणार, आईच्या शेवटच्या दिवसांत काहीतरी घडलं असणार. मी एक चिठ्ठी लिहून मॅडमकडे सरकवली : 'आईचा मुद्दा?' मॅडमनी ती वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.

तिसऱ्या बैठकीत थोरले पुन्हा दिवस सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, "...आणि मग रात्री पाणी."

"रात्री का?"

"लाईट रात्रीची असती ना."

शेतीला थ्री-फेज वीज चोवीस तास नसते. ठरावीक तास, काही वार दिवसा आणि काही वार रात्री, आणि त्याचं वेळापत्रक अधूनमधून फिरतं. विहीर सामाईक. वडील गेल्यावर पाळ्या वारांवर पडल्या होत्या. सोमवार ते बुधवार थोरले, गुरुवार ते शनिवार धाकटे. आणि थोरल्यांचे वार बहुतेक रात्रीत सापडायचे. दोन्ही मुलं चाकणला कंपनीत, घरी बासष्ट वर्षांचा माणूस आणि त्याची बायको. मोटर मोबाइलवरून सुरू करता येते, हे मला माहीत होतं आणि मी मनात म्हटलंही. पण दारं मोबाइलवरून धरता येत नाहीत. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायला माणूस चिखलात उभा लागतो, डिसेंबरच्या थंडीतही, आणि बाजूला ऊस. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या पट्ट्यात उसाच्या शेजारी रात्री उभं राहणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून बातम्यांत वाचलेलं होतं. थोरल्यांनी ते तीन शब्दांत सांगितलं. "वाघ असतो ना." तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"मग पूर्वेचा तुकडा का मागता?"

"विहिरीकडं ज्याचं रान, त्याच्या हातात पाणी."

धाकट्यांचे वकील पुढे झाले. विहीर तर वाटपानंतरही सामाईकच राहणार होती, तसं कैफियतीतच होतं. म्हणजे थोरले दावा पूर्ण जिंकते तरी सोमवार ते बुधवार रात्रीच उसाशेजारी उभे राहिले असते. नऊ वर्षांच्या कागदांत 'लाईट' हा शब्द एकदाही नव्हता. वकिलांचाही दोष म्हणवत नाही. रात्रीच्या पाण्यासाठी दावा लावायचा तर तो कुठल्या कलमाखाली? कोर्ट मागितलेलं देतं, आणि या माणसाला काय मागायचं ते मागण्याची जागाच छापील नमुन्यात नव्हती. मी मन शोधत होते आणि तळाशी होती ती खरोखरचीच विहीर.

यानंतरचं सोपं वाटेल, पण त्याला अजून तीन बैठका लागल्या, आणि त्यातली अवघड बैठक भावांची नव्हतीच.

ताईंना सगळे विसरले होते. दोन्ही भावांनी आणलेल्या मसुद्यांत एका गोष्टीवर एकमत होतं, ताईंचं हक्कसोडपत्र. मॅडमनी भावांना बाहेर पाठवून ताईंशी स्वतंत्र बैठक घेतली. कायद्यानं तिसरा हिस्सा तुमचा आहे, माहीत आहे ना? माहीत होतं. मुलींना जन्मानं हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. ताई म्हणाल्या, "हिस्सा घेईन, पण मग दिवाळीला जाऊ कुठं?"

मॅडमनी त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे पाठवलं आणि एक आठवडा मध्ये जाऊ दिला. मी त्या आठवड्यात मनातल्या मनात ताईंचा खटला जिंकून ठेवला होता. ताई परत आल्या त्या स्वतःचं ठरवून. हक्कसोड देणार नाही. वीस गुंठे माझ्या नावावर सातबाऱ्याला लागू देत, कसू देत धाकट्याला. आणि रविवार माझा.

रविवारची पाळी वडिलांची होती. ते गेल्यावर त्या दिवशी ज्याला जमेल तो पाणी घ्यायचा, म्हणजे विहिरीजवळचे धाकटे.

"मी काय करणार पाण्याचं? ज्याच्या रात्री जास्त झाल्या, त्याला देईन."

ताईंच्या वाट्याला छपन्न गुंठ्यांहून थोडं जास्त आलं असतं, त्यांनी वीस घेतले. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मॅडमना मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "हुकूमनाम्यानं छपन्न मिळाले असते. कधी, ते विचारू नकोस." हे उत्तर नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बहिणीनं कमी घ्यायचं आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचं, हे मध्यस्थीच्या गोल टेबलाभोवतीही तसंच चालतं. फरक एवढाच की इथे तिला बंद खोलीत कुणीतरी विचारलं आणि विचार करायला आठवडा दिला.

पाण्याचं कलम लिहायला मॅडमनी मला सांगितलं. मी लिहिलं, 'उभय पक्षकारांनी दिवसाच्या व रात्रीच्या पाळ्या समसमान घ्याव्यात.' मॅडमनी विचारलं, "रात्र किती वाजल्यापासून?" मी पुन्हा लिहिलं. "लाईटचं वेळापत्रक बदललं तर?" पुन्हा. "डीपी जळून चार दिवस लाईटच नसली तर?" चौथ्यांदा लिहिलेलं कलम पंधरा ओळींचं झालं. पाळ्या वारांना न बांधता वीज वितरणाच्या चालू वेळापत्रकाला बांधल्या, रात्र-दिवस आळीपाळीनं. बुडालेली पाळी पुढच्या रविवारी भरून द्यायची आणि रविवारचा निर्णय ताईंचा. दाव्यात पाण्याच्या वेळेचा उल्लेखच नाही, मग हे तडजोडीत बसेल का, असं धाकट्यांच्या वकिलांनी विचारलं. तेव्हा माझं चौथं वर्ष एकदाचं कामी आलं. संहितेच्या आदेश २३ नियम ३ मध्ये १९७६च्या दुरुस्तीनंतर तडजोडीचा विषय आणि दाव्याचा विषय एकच असावा लागत नाही, पक्षकार तेच असले की पुरे. मी ते म्हणाले, आणि या वेळी मॅडमनी खुर्च्या गोल करायला सांगितलं नाही.

पूर्वेचा तुकडा धाकट्यांकडेच राहिला. थोरल्यांनी पश्चिमेचा घेतला, रस्त्याकडेचे चार गुंठे जास्तीचे घेऊन.

तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या, ताईंनी आधी पदराला हात पुसून मग पेन धरलं. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. कागद न्यायाधीशांकडे जायला निघाला, वकिलांनी कोट चढवले. थोरले मात्र उठले नाहीत. माझ्या पंधरा ओळींवर बोट ठेवून त्यांनी त्या हळूहळू पुन्हा वाचल्या आणि मला विचारलं, "याची एक झेरॉक्स जास्तीची मिळंल का? वायरमनला दाखवावी म्हणतो."