मिक्सर लावण्याआधी

आमच्या घरात मिक्सर लावण्याआधी वर्दी द्यावी लागते. "चटणी वाटतेय हं, मोज!" म्हटलं की माझा लेक कानांवर हात ठेवून मोठ्यांदा आकडे मोजतो आणि दहा झाले की मी बटण बंद करते. आवाज कधी संपणार हे ठाऊक असलं की त्याला तो सोसवतो. एवढी साधी रीत सापडायला आम्हाला काही वर्षं लागली.

तो तीन वर्षांचा होता तेव्हा मला वाटायचं, याला ऐकूच येत नाही. पाठीमागून कितीही हाका मारा, मान वळायची नाही. पण शेजारी कुकरची शिट्टी झाली की किंचाळत पलंगाखाली शिरायचा. श्रवण तपासणारी बेरा चाचणी केली. झोपेचं औषध दिलं, डोक्याला तारा चिकटवल्या. अहवाल आला : श्रवण सामान्य. पुढे स्वमग्नतेचं निदान झालं.

कान आवाज पोचवतात, पण त्यातला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा हे मेंदू ठरवतो, असं स्पीच थेरपिस्टनी समजावलं. पंख्याची घरघर आपल्याला थोड्या वेळाने जाणवेनाशी होते. त्याला पंखा, रिक्षा, टीव्ही आणि माझी हाक एकदमच ऐकू येतात. त्या गर्दीत माझी हाक हरवत होती.

हे कळूनही मी चूक केली. "सवय होईल" या सल्ल्याला भुलून पाचव्या वर्षी त्याला पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीला नेलं. ढोल सुरू झाले आणि तो माझ्या कडेवर थरथरू लागला. त्याची चड्डी ओली झाली. नंतर कितीतरी दिवस माझं बोट धरून तो उंबऱ्याबाहेर यायला तयार नव्हता.

ही भीती काही नवी नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्न मुलांचं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यात व्हॅक्यूम क्लीनरसारख्या आवाजांची भीतीही नोंदवली होती. ही संवेदनशीलता मानसिक विकारांच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेच्या निकषांत आली ती 2013 साली. सत्तर वर्षं ही मुलं कान झाकून सांगत होती.

पहिल्या शाळेत "मुद्दाम ऐकत नाही" असा शेरा मिळाला. आताच्या बाई त्याला खिडकीपासून लांब, स्वतःजवळ बसवतात. खुर्च्या सरकताना करकरू नयेत म्हणून त्यांच्या पायांना चिरलेले टेनिसचे चेंडू लावलेत. एका वेळी एकच सूचना देतात आणि थांबतात. गोंगाटासाठी कानबंद हेडफोन आहेत. ते दिवसभर मात्र घालू देत नाही, कारण सतत शांततेत राहिलेले कान आणखी हळवे होतात.

लग्नात, बसमध्ये कान झाकलेलं मूल दिसलं तर "नाटकं करतंय" म्हणू नका. जमेल तेवढा आवाज कमी करा, एकच छोटं वाक्य बोला आणि उत्तरासाठी थांबा. माझा मुलगा उत्तर देतो. त्याला फक्त थोडा वेळ लागतो.