अडला हरी, साडी नेसी!

'अशी ही बनवाबनवी' कितव्यांदा बघितलास, असं मराठी माणसाला विचारू नये. मोजायचं त्याने कधीच सोडलेलं असतं. १९८८ चा सिनेमा, संवाद पाठ, पुढे काय होणार ते माहीत, तरी हसू येतंच. खरं तर विनोद सगळ्यात लवकर शिळा होतो. मग हाच का टिकला?

मला वाटतं, कारण तो साडीत नाहीच आहे. पुरुषाने साडी नेसायची आणि लोकांनी हसायचं, हा प्रकार नाटक-सिनेमात शेकड्याने झालाय. त्यातलं बहुतेक आपण विसरलो. इथे सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती होते ती हौस म्हणून नव्हे, तर पुण्यात डोक्यावर छप्पर हवं म्हणून. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत. चार सड्या पोरांना कोण दारात उभं करणार? हीच कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्ये होती. बावीस वर्षांनीही ती ताजी वाटली, कारण खोलीचा प्रश्न तसाच होता.

आणि तो पुढेही तसाच राहिला, हे मी स्वानुभवाने सांगतो. :-) नोकरी लागल्यावर आम्ही तिघे मित्र एजंटच्या मागे तीन शनिवार-रविवार हिंडलो. एका काकूंनी आधी पगार विचारला, मग आडनाव, मग मटण खाता का ते. शेवटी छान चहा पाजून म्हणाल्या, "फॅमिलीलाच द्यायचीय हो." जिना उतरताना मित्र म्हणाला, "तू नेसतोस की मी नेसू?" आम्ही तिथेच हसत सुटलो. खोली मिळाली नव्हतीच, पण पुढचा जिना चढायचं बळ आलं.

पण विनोदाने फक्त धीरच द्यायचा का? कुंदन शाहच्या १९८३ च्या 'जाने भी दो यारों'मध्येही साडी आहे, पण ती प्रेताला. बिल्डरने महापालिका आयुक्ताचा खून केलेला असतो. प्रेताच्या पळवापळवीत सगळे महाभारताच्या नाटकात घुसतात आणि प्रेत द्रौपदी होऊन स्टेजवर उभं! आपण पोट धरून हसतो. आणि शेवटी नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी, दोघे साधेभोळे फोटोग्राफर, कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात. पूल पडल्याचं खापर त्यांच्या माथी, खरे चोर मोकळे. हसू घशातच अडकतं. गंभीर सिनेमाला आपण सावरून बसतो. इथे हसता हसता बेसावध झालेलो असतो, म्हणून तो फटका जास्त लागतो.

एक सिनेमा सगळं गोड करून घरी पाठवतो, दुसरा पाठवत नाही. मला दोन्ही हवेत. कारण दोन्हींत शहरात कुणाचं तरी काहीतरी खरंच अडलेलं आहे, आणि त्या अडलेपणातूनच विनोद येतो. ज्या सिनेमात कुणाचं काहीच अडलेलं नसतं, तिथे साडी नेसलेला पुरुष म्हणजे नुसताच साडी नेसलेला पुरुष. त्याला दुसऱ्यांदा कोण बघणार?