खोडरबर

1992 मध्ये माझी पहिली कादंबरी पुरी झाली. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून लिहिलेली 412 पानं. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. मी एकतीस वर्षांचा, म्हणजे माझ्या हिशेबाने सहा वर्षं उशीर झालेला. त्यामुळे बाड कुणा जाणत्याला दाखवणं, महिनाभर बाजूला ठेवणं असल्या सोपस्कारांना वेळ नव्हता. झेरॉक्सचा खर्च नको म्हणून मूळ प्रतच रजिस्टर पोस्टाने पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडली. इंग्रजी लेखकांना एजंट असतात असं वाचलं होतं. आमच्यात लेखकच स्वतःचा एजंट, आणि पुढे हमालही.

पाच महिन्यांनी बाड परत आलं. सोबत चिठ्ठी: ‘वाचलं. टिपणं बाडातच केली आहेत. ती पाहून एकदा भेटून जावं.’ आज हे मला बोलावणं वाटतं. तेव्हा फक्त ‘साभार परत’ एवढंच ऐकू आलं. तिसऱ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे कशासाठी?’ पाचव्यावर पुन्हा तेच. सातव्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. त्यांनाही कंटाळा आला असावा. मी पुढे वाचलंच नाही.

न वाचणं एक वेळ ठीक. मी खोडरबर आणलं. आधी कुणी नाकारलंय हे पुढच्या प्रकाशकाला कळू नये, म्हणून सलग तीन संध्याकाळी बसून सगळे समास स्वच्छ केले. नजर अक्षरांवर ठरणार नाही याची काळजी घेत. बायको म्हणाली, “अहो, निदान वाचून तरी खोडा.”

“त्यांना काय कळतंय?” मी म्हणालो. एका अनोळखी माणसाने माझी चारशे पानं हातात पेन्सिल धरून, फुकट वाचली होती. त्याची मेहनत मी रबराच्या चुऱ्याबरोबर केरात झटकत होतो.

मुंबईच्या एका प्रकाशकाला मात्र कादंबरी फार आवडली. किती, तर तिच्या 300 प्रती मीच विकत घ्याव्यात इतकी. पतपेढीतून कर्ज काढलं. 1100 प्रतींची आवृत्ती निघाली आणि एकच परीक्षण आलं. पहिली चार प्रकरणं कशासाठी आहेत तेच उमगत नाही, असं त्यात होतं. ‘कशासाठी’ हा शब्द मी ओळखला. माझ्या वाट्याचे गठ्ठे दिवाणाखाली गेले. हप्ते चार वर्षं चालले.

परवा घर रंगवायला काढलं तेव्हा बाड हाती लागलं. खिडकीशी पान तिरपं धरलं की पेन्सिलीचा दाब अजून कुठेकुठे दिसतो. पान 87 वर, बाप न सांगता घर सोडतो तिथे, समासात एक उभी रेघ आणि ‘इथून सुरू’ एवढं लागलं. पुढचे शब्द मी फारच मन लावून खोडले होते.