एकदांडीची प्लेट

बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात एकदांडी आपोआप उगवते. लांब देठावर एकच फूल, मधे पिवळा गोंडा, भोवती टोकाला तीन दाते असलेल्या पांढुरक्या पाकळ्या. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. खुरपं लागलं की पाला चुरगळून रस जखमेवर पिळायचा, हे खेड्यात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मूळ अमेरिका खंडातलं. परक्या मुलखातून आलेलं हे तण आपल्या लोकांनी औषधात घेतलं, याचं मला फार अप्रूप आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही तिची वर्णी हमखास लागते. पाला सावलीत वाळवायचा, पूड मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून अर्क काढायचा. म्यूलर-हिंटन आगरवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा स्वॅब फिरवायचा, आगरात भोकं पाडून अर्क सोडायचा, प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी जिवाणूंच्या धुरकट थरात भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. ‘मॅडम, झोन आला!’

मी आधी शेजारचं भोक बघते. त्यात नुसतं मिथेनॉल सोडलंय ना? मिथेनॉल स्वतःही जिवाणू मारतं. तिथेही तेवढाच झोन असेल, तर एकदांडीच्या नावावर काहीच जमा होत नाही. माझ्या लेखी हे कंट्रोलचं भोक सगळ्यात मोलाचं.

झोनच्या मिलिमीटरांवरून दोन वनस्पतींत डावं-उजवंही करू नये. अर्कातलं द्रव्य आगरातून किती सहज पसरतं, यावरही झोन ठरतो. जोर मोजायचा तर ९६ खणांची प्लेट घ्यावी, अर्क दर खणाला निम्मा पातळ करत जावा. हिरव्या अर्कात गढूळपणा ओळखू येत नाही, म्हणून शेवटी रेसाझुरिनचा थेंब. जिवाणू जिवंत असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. गुलाबी सुरू होण्याआधीचा शेवटचा निळा खण, तो आपला आकडा. (तिथे जिवाणूंची वाढ थांबलेली असते, ते मेलेच असं नाही.)

आणि झोन आलाच नाही, तर जखमेवर हा रस पिळणारी खेड्यातली आजी खोटी ठरली का? मला तसं मुळीच वाटत नाही. आजी ताजा रस पिळते, आपण वाळल्या पाल्याचा मिथेनॉलमधला अर्क तपासतो. तिला वाहतं रक्त थांबवायचं असतं. आपल्या प्लेटवर रक्तच नसतं. म्हणून मी मुलांना ताजा रसही ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून लावायला सांगते. लोक वापरतात तसं तपासलं, तरच त्यांच्या ज्ञानाला न्याय मिळतो.

मात्र शेतातला पाला गाळणीतून येत नाही. त्याला माती असते आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. तेव्हा खुरपं लागलं तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.