नटाच्या कानानं लिहिणारा

कोल्हापूर

चि. भाच्यास,

मालिकेतलं काम थांबवून तू आता भाग लिहायला बसणार, हे ताईनं फोनवर सांगितलं. तिच्या बोलण्यात काळजी होती. रोज रात्री टीव्हीवर दिसणारा मुलगा आता दिसणार नाही, हे एक. आणि काम मिळेना म्हणून लिहायला लागला असं लोक म्हणतील, हे दुसरं. पहिल्या काळजीवर माझ्याकडे औषध नाही. दुसरीबद्दल मात्र लिहायलाच हवं. नटानं लेखणी उचलली म्हणजे त्यानं माघार घेतली, हा समज निदान कोल्हापुरात तरी टिकू नये. याच गावात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा सिनेमात नट व्हायला आला आणि मराठी चित्रपटाचा सर्वांत मोठा पटकथालेखक झाला.

तो मुलगा म्हणजे ग. दि. माडगूळकर. ‘गीतरामायणा’चे कवी म्हटलं की लोक हात जोडतात, आणि त्यांच्यातला पटकथाकार त्या जोडलेल्या हातांमागे झाकला जातो. मला त्या माणसाविषयी सांगायचं आहे.

अण्णांचा, म्हणजे माडगूळकरांचा, जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. माणदेशातलं हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. मुलूख दुष्काळी, घरची गरिबी, शिक्षण औंध संस्थानात. गणितानं दगा दिला आणि मॅट्रिक राहिली. मुलाच्या हाती दोनच गोष्टी होत्या: पाठांतर आणि नकला. माणूस एकदा पाहिला, ऐकला की त्याची बोलण्याची ढब जशीच्या तशी उचलायची. एवढ्या भांडवलावर १९३८ साली ते कोल्हापूरला आले.

त्या वेळचं कोल्हापूर काय होतं हे तुला गोरेगावच्या फिल्मसिटीत बसून कळणार नाही. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ केला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथंच ‘प्रभात’ची स्थापना केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. ‘प्रभात’ गेली तरी गाव ओस पडलं नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये ‘हंस पिक्चर्स’ उभी केली. याच ‘हंस’च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये माडगूळकर पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आले. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन विनायकांचं, नायिका मीनाक्षी शिरोडकर. तिच्या पोहण्याच्या पोशाखावरून महाराष्ट्रभर गहजब झाला. माडगूळकरांची भूमिका किरकोळ होती, इतकी की चित्रपट पाहणाऱ्यानं मुद्दाम शोधल्याशिवाय ते सापडायचे नाहीत.

किरकोळ भूमिकेत माणूस काय शिकतो हे तुला मी सांगायला नको, तू दोन वर्षं नायकाचा मित्र होतास. पाच ओळी बोलायच्या आणि उरलेला दिवस उभं राहायचं. उभं राहिलेल्या नटाला सगळं ऐकू येतं. कुठलं वाक्य म्हणताना मुख्य नटाचा श्वास तुटतो, कुठल्या शब्दाशी तो तिसऱ्यांदा अडखळतो, दृश्य कुठं संपायला हवं होतं आणि लेखकानं ते आणखी किती ओढलं. नायकाला यातलं फारसं कळत नाही, कारण त्याला स्वतःचंच काम असतं.

याच काळात अण्णांना आणखी एक शाळा मिळाली. वि. स. खांडेकर शिरोडं सोडून कोल्हापुरात आले होते आणि विनायकांसाठी चित्रपट लिहीत होते. ‘छाया’, ‘ज्वाला’, ‘देवता’ हे सगळे त्यांचेच. खांडेकरांची दृष्टी अधू, त्यामुळे ते मजकूर सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. काही काळ हा लेखनिक माडगूळकर होते. मला हे त्यांच्या आयुष्यातलं फार मोलाचं वळण वाटतं. वाचकाच्या हाती छापील वाक्य येतं, तेव्हा ते झालेलं असतं. लेखनिकापुढे ते घडत असतं. सांगणारा थांबतो, मागचं खोडायला लावतो, शब्द बदलतो, पुन्हा सुरुवातीपासून म्हणतो. मराठी गद्याचा एक मोठा कारागीर काम करताना रोज शेजारी बसून बघायला मिळणं, हे शिक्षण तेव्हा कुठल्या संस्थेत नव्हतं आणि आजही नाही. खांडेकरांची अलंकारिक शैली मात्र माडगूळकरांनी घेतली नाही. त्यांचे संवाद माणदेशी मातीतले, आखूड आणि बोलके राहिले. गुरूचं काम जवळून पाहायचं आणि आपली वाणी आपल्यापाशी ठेवायची, हे ज्याला जमतं तो खरा शिष्य, असं मी मानतो.

पुढे ‘नवयुग’मध्ये के. नारायण काळ्यांच्या हाताखाली सहायक म्हणून त्यांनी काम केलं, विश्राम बेडेकरांच्या ‘पहिला पाळणा’साठी १९४२ मध्ये गाणी लिहिली. पण लेखक म्हणून नाव गाजलं ते १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं. कथा, पटकथा, संवाद, गाणी, सगळं माडगूळकरांचं. निर्मिती ‘राजकमल’ची आणि दिग्दर्शनात व्ही. शांताराम यांच्याबरोबर बाबूराव पेंटर. म्हणजे कोल्हापुरात सिनेमा रुजवणारा माणूस आणि कोल्हापुरात कोपऱ्यातला नट म्हणून उभा राहिलेला माणूस एका चित्रपटात समोरासमोर आले, तेव्हा दुसऱ्याच्या हाती लेखणी होती. त्या चित्रपटानं तमाशापटांची वाट उघडली.

मग राजा परांजपे, सुधीर फडके आणि माडगूळकर हे त्रिकूट जमलं. फडके कोल्हापूरचेच, जन्म १९१९ च्या जुलैमधला, अण्णांपेक्षा दोन महिन्यांनी मोठे. राजाभाऊ स्वतः नट. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ हे या मंडळींचं काम. यातला १९५४ चा ‘ऊन पाऊस’ तू सवड काढून बघ. आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेला मास्तर आणि त्याची बायको. मुलं आईबापांची वाटणी करतात, एक एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. पुढे हिंदीत आणि मालिकांमध्ये ही गोष्ट किती वेळा आली ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. फरक असा, की इथं मुलांना खलनायक केलेलं नाही. प्रत्येकाकडे त्याच्यापुरतं पटेल असं कारण आहे. ज्यानं स्वतः दुसऱ्याच्या अंगात शिरून नकला केल्या आहेत, त्याला माणूस सरसकट वाईट लिहिता येत नाही. मालिकेतल्या सासूला आणि जावेला तू एवढं दिलंस तरी पुष्कळ.

अभिनय त्यांनी सोडलाही नाही. ‘जगाच्या पाठीवर’मध्ये ते पडद्यावर आहेत. लेखक झालो म्हणून तोंडाला रंग लावायचा नाही, अशी शपथ त्यांनी घेतली नव्हती. तूही घेऊ नकोस.

आता ‘दो आँखे बारह हाथ’. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि उजाड माळ. १९५७ चा हा हिंदी चित्रपट शांतारामबापूंचा म्हणून जगाला माहीत आहे. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं, बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. लेखन माडगूळकरांचं. त्यांना ही गोष्ट कुठे दूर शोधायला जावं लागलं नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या माणसाच्या पुढाकारानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू केली. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता जमीन द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचं आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा तो प्रयोग. ती खुली वसाहत आजही आहे. शेटफळे याच टापूतलं. ज्या माळावर अण्णांचं लहानपण गेलं, त्या माळावरची खरी घटना त्यांनी बर्लिनपर्यंत पोहोचवली, तीही मायबोली नसलेल्या भाषेत.

इथं जरा थांबून तुला विचारतो. तू पाठवलेल्या तीन गोष्टींपैकी एकही राधानगरीची नाही, गडहिंग्लजची नाही, आपल्या शुक्रवार पेठेतली नाही. सगळ्या बंगल्यात घडतात आणि त्या बंगल्याला गाव नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ची माणसं कोल्हापुरी मातीतली दिसली म्हणून महाराष्ट्रानं ती मालिका चार वर्षं डोक्यावर घेतली, ‘दख्खनचा राजा जोतिबा’साठी आपल्या चित्रनगरीत सेट उभा राहिला. गाव बघायला लोक तयार आहेत. लिहिणाऱ्यांनी ते लिहायला हवं.

आता ‘गीतरामायण’. त्याला मी हात जोडतोच, पण तू त्याकडे मालिका म्हणूनही बघ. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभर. अधिक महिन्यामुळे संख्या छप्पनवर गेली. पुढचं गीत तयार असो नसो, प्रक्षेपणाची वेळ ठरलेली. आणि प्रत्येक गीताचा बोलणारा वेगळा: कधी कौसल्या, कधी निषादराज, कधी शूर्पणखा, कधी सीता, कधी स्वतः राम. कथा पुढे सरकते ती या माणसांच्या तोंडून. ‘ब्रह्मचारी’मध्ये ज्याला धड एक भूमिका मिळाली नव्हती, त्यानं इथं कागदावर एकेक पात्र वठवलं. माझ्या मते अण्णांच्या अभिनयाचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत. तिच्यातल्या नटाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, याची मला खंत वाटते.

तुझ्या काळातली उदाहरणं हवी असतील तर चिन्मय मांडलेकर आहेत. ‘तू तिथे मी’चा नायक म्हणून घराघरांत ओळखला गेलेला हा नट ‘असंभव’च्या लेखनात होता, आणि २०२५ मध्ये त्यांनी ‘इन्स्पेक्टर झेंडे’ लिहिला आणि दिग्दर्शितही केला. आपल्या गावचे अभिराम भडकमकर राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आले, नाटकं लिहिली, २०११ चा ‘बालगंधर्व’ लिहिला, आणि वाहिन्यांच्या दुनियेवर ‘ॲट एनी कॉस्ट’ ही कादंबरीही लिहिली. ती तू आधी वाच, मग करारावर सही कर.

दैनंदिन मालिकेचं लेखन अण्णांच्या वेळेसारखं एकहाती नसतं हे मला कळतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीची माणसं ट्रॅक ठरवणार, गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक बदलणार, आणि सकाळी सेटवर नट मेकअपला बसलेला असताना सीन त्याच्या मोबाइलवर पोहोचणार. या धबडग्यात तुझ्याकडे इतरांपेक्षा जास्त काय आहे? तुझा कान. तूच मागे सांगितलं होतंस, एका सीनमध्ये तुला म्हणायचं होतं, ‘मी तुला या घरातून निघून जाण्याची शेवटची संधी देत आहे.’ ते तोंडात बसेना. शेवटी तू दिग्दर्शकाला विचारून म्हणालास, ‘जा. अजून दार उघडं आहे.’ सेटवरच्या सगळ्यांना ते पटलं, नंतर लेखकालाही पटलं. लेखक तू त्या दिवशीच झाला होतास. आता लिहिलेलं प्रत्येक वाक्य पाठवण्याआधी उभं राहून मोठ्यानं म्हण, आणि पाच ओळींच्या माणसाचंही म्हण. त्याचं तर आधी म्हण. सकाळी सातच्या शिफ्टला येऊन तो संध्याकाळपर्यंत त्या पाच ओळींची वाट बघत असतो.

ताईची समजूत मी काढतो. तिला आठवत असेल, राज्य नाट्य स्पर्धेत तू केशवराव भोसले नाट्यगृहात काम केलंस तेव्हाही एक प्रवेश तू रात्रीतून नव्यानं लिहून आणला होतास. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं तेव्हा तिनं तोच प्रवेश काढून मला दाखवला होता.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. तिचा सभासद हो आणि गोष्ट कुणाला ऐकवण्याआधी तिथं नोंदव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं पटकथालेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला आहे, आणि तो निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही; करारात तसं कलम दिसलं तर वकिलाला दाखव. श्रेयनामावलीत तुझं नाव पटकथेखाली येणार की संवादाखाली, हे तोंडी ठेवू नकोस, लेखी घे. अण्णांचं ‘मंतरलेले दिवस’ कुरिअरनं पाठवलं आहे. माझी प्रत आहे, पेन्सिलीच्या खुणा पुसू नकोस. तुझा पहिला भाग कुठल्या तारखेला लागणार ते कळलं की ताईला आणि मला दोघांनाही फोन कर, त्या दिवशी ती माझ्याकडेच जेवायला येईल.

तुझा
मामा