'गुगल कर' हे उत्तर नव्हे

"ताई, जय भीम. बारावी झाली. जीएनएम करू की बीएस्सी नर्सिंग? पगार किती मिळतो? लवकर सांगा."

असे मेसेज मला बारा महिने येतात. सतरा वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चळवळीत ऊठबस आहे, त्यामुळे नंबर गावोगाव गेला आहे. माझ्यासारख्या अनेकजणी आहेत. ड्यूटी रूममध्ये चहाला बसलो की या मेसेजचा विषय निघतोच, आणि बोलण्यात वैतागच जास्त असतो. त्यातला निम्मा वैताग रास्त आहे. उरलेला निम्मा आपल्या समाजाला परवडणारा नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी रास्त भाग. विचारणारी मुलगी स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. बारावी कला शाखेतून की विज्ञान? टक्के किती? घरचं उत्पन्न किती? जिल्हा कोणता? बीएस्सी चार वर्षांची, तिला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला कला शाखेची मुलगीही चालते. एएनएम दोन वर्षांचं. एवढं तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असतं. ते न वाचता विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. "ताई, केअर प्लॅन लिहून पाठवा, उद्या सबमिशन आहे." हे मी करत नाही आणि कुणी करूही नये. डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी नाडी का मोजायची, ती साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना का कळवायचं, हे केअर प्लॅन लिहितानाच डोक्यात बसतं. मी लिहून दिलं तर मार्क तिला मिळतील आणि धोका पेशंटला होईल. आणि तो पेशंट बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात दुसरं कोण येतं?

आता उत्तर देणारी कोणत्या अवस्थेत असते तेही बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. आम्ही रात्रपाळीला दोघीजणी पस्तीस-चाळीस पेशंट बघतो. सकाळी हँडओव्हर देऊन, घरी जाऊन डबे करून डोळा लागतो तेव्हा फोन वाजतो. अर्धा तास घालवून सगळं समजावून सांगावं, तर पुढे काय झालं हे कळवायचीही तसदी कुणी घेत नाही. माणूस वैतागणारच.

पण या वैतागातून दोन वाक्यं तयार झाली आहेत. ती मला मान्य नाहीत.

पहिलं वाक्य, "गुगल कर ना."

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी. आई शेतमजूर. मुलीने एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' केला. पंचेचाळीस हजार फी, तीही आईने बचत गटातून उचललेली. कोर्स झाल्यावर खाजगी दवाखान्यात सहा हजारांवर लागली. मग सरकारी भरतीची जाहिरात आली आणि तिने मला विचारलं, "ताई, यात रजिस्ट्रेशन नंबर मागितलाय, तो कुठून मिळतो?"

तो मिळणार नव्हता. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी केलेल्यांची. हिचा कोर्स त्यात कुठेच बसत नव्हता. पांढरा युनिफॉर्म, भिंतीवर नाइटिंगेलचा फोटो, दीपप्रज्वलन, सगळं झालं होतं. नोंदणी तेवढी होणार नव्हती.

मी तिला विचारलं, प्रवेशाआधी कुणाशी बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले होते. गावातल्याच एका सिस्टरला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, गुगलवर बघ. तिने बघितलं. सगळ्यात वर त्याच संस्थेची जाहिरात आली.

ज्याच्याकडे पैसा आहे तो तिथे वर दिसतो. खरं काय आणि खोटं काय हे ओळखायला आधी थोडी माहिती असावी लागते, आणि पहिल्या पिढीच्या मुलीकडे नेमकी तीच नसते. डॉक्टरांची मुलगी असे मेसेज कधी करत नाही. ती जास्त हुशार असते म्हणून नव्हे. तिचे प्रश्न घरात जेवताना सुटतात. मामा, आत्या, शेजारचे काका यांतलं कुणीतरी त्या क्षेत्रात असतंच. आपल्या मुलीला ओळखपाळख नसलेल्या ताईला विचारावं लागतं. तो प्रश्न अर्धवट असेल, घाईचा असेल, शुद्धलेखन चुकलेलं असेल. पण विचारण्याआधी तिने किती वेळा टाईप करून पुसलं असेल, याचा विचार आपण करतो का?

दुसरं वाक्य, "आम्हाला कुणी सांगितलं होतं का? आम्ही खाल्लेच ना टक्केटोणपे!"

हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. ज्ञान मोजक्या लोकांच्या हातात ठेवायचं आणि बाकीच्यांनी ठेचा खात शिकायचं, ही व्यवस्था कुणाची होती हे आपल्याला पाठ आहे. आपल्या वेदना पुढच्या पिढीसाठी प्रवेश शुल्क करून ठेवल्या, तर तीच उतरंड आपण चालू ठेवतो.

सावित्रीमाई आठवा. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवणारी बाई आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवणारी बाई एकच होती. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शिकवणं आणि शुश्रूषा ही दोन कामं त्यांनी वेगळी केली नाहीत. आपण जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालतो. मग विचारणाऱ्या पोरीला दोन गोष्टी सांगणं हा आपल्यावरचा बोजा कसा?

आणखी एक. "पगार किती?" असं विचारलं की काही सिनियर नाक मुरडतात. म्हणतात, ही सेवा आहे, पैशाकडे बघू नये. मी म्हणते, पोरीने हाच प्रश्न आधी विचारावा. बायकांना आणि बहुजनांना कमी पैशात राबवायचं असलं की 'सेवा' हा शब्द बाहेर काढतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने शिफारस केली आहे की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने असावा. हा आकडा ज्या मुलीला माहीत आहे तिला सहा हजारांवर सही करताना निदान प्रश्न तरी पडेल.

आता विद्यार्थ्यांना सांगते. विचारा, बिनधास्त विचारा. पण आधी शाखा, टक्के, उत्पन्न, जिल्हा लिहा आणि तुम्ही काय वाचलं तेही लिहा. फीचा एक रुपया भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासा आणि 'या कोर्सनंतर माझी कौन्सिलकडे नोंदणी होईल का' हे लेखी मागा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीतच करून टाका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण बीएस्सीला शासनाच्या प्रवेश फेरीतून जा. संस्थेच्या कोट्यातून गेलात तर ती हातची जाते. काम झालं किंवा फसलं, तर ज्या ताईने सांगितलं तिला कळवा. तिने सांगितलेलं कुठे चुकतं हे तिलाही समजायला हवं.

आणि नर्स भगिनींनो, एकटीने प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसलो तर आपण थकणारच. हे काम संघटित होऊन करायचं आहे. बारावीच्या निकालाआधीचा एक रविवार, तालुक्याचं बुद्धविहार, तीन-चार नर्स आणि एक समाजकल्याणचं कामकाज माहीत असलेला कार्यकर्ता, एवढं पुरे. नेहमीचे वीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका कागदावर छापून वस्तीत वाटा. तालुक्यात कोणत्या संस्था मान्यता नसलेले 'नर्सिंग कोर्स' विकतात त्याची यादी करा आणि ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्या. हे काम खरं तर सरकारचं आहे, आणि ते सरकारने करावं म्हणून भांडायचंही आहे. पण ते होईपर्यंत दर जूनमध्ये कुणाची तरी आई बचत गटातून पंचेचाळीस हजार उचलणार आहे.

जय भीम. जय सावित्री.