दुसरा चाप

गेल्या श्रावणात कोलोराडोहून पुतण्याचा फोन आला. एरवी तो काकूच्या गुडघ्यांची चौकशी करतो, पाऊसपाणी विचारतो आणि ठेवतो. या वेळी म्हणाला, "काका, एक रायफल घ्यायचीय. शिकारीची. उत्तमातली उत्तम. पंचवीस हजार डॉलरपर्यंत जायची तयारी आहे. तुम्ही सांगाल ती."

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. बंदुकीला हात लावून चाळीस वर्षं झाली. पण आमच्या घरात एक दंतकथा आहे: अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, लंडनची दुनळी रायफल होती आणि धाकटा, म्हणजे मी, ती साफ करीत असे. तेवढ्या भांडवलावर पुतण्याने मला जाणकार ठरवलेलं.

त्याच्याकडे शिकार कायदेशीर आहे. सरकार दरसाल परवाने देतं, काही भागांसाठी सोडत निघते, आणि मारलेल्या एल्कचं मटण हा गडी वर्षभर खातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोडा मोठा प्राणी. त्याला काही उपदेश करायचं कारण नव्हतं. पण पुढे तो म्हणाला, "तसं माझं जवळपास ठरलंय. जुनी लंडनची दुनळी बघून ठेवलीय, पॉइंट ४७०. आजोबांची होती तशीच."

मी खुर्ची ओढून बसलो.

१९६१ साल. तंबाखूला त्या वर्षी भाव चांगला मिळाला होता आणि निपाणीच्या आमच्या वखारीत अप्पांचा आवाज जरा चढाच होता. घर म्हैसूर राज्यात, बाजार कोल्हापुरात, अशी १९५६ पासून आमची अवस्था. रायफलही कोल्हापुरातच बघायची ठरली. मी बारा वर्षांचा. हट्ट करून बरोबर गेलो.

मिस्त्री म्हातारे. उमेदीची सारी वर्षं एका संस्थानच्या शिकारखान्यात गेलेली. संस्थानं विलीन झाली आणि सरदारांच्या भिंतींवरच्या बंदुका एकेक करून अशा मिस्त्रींच्या हातून बाहेर पडू लागल्या. त्यांनी घोंगडीवर तीन रायफली मांडल्या.

पहिली रिग्बीची .२७५. हलकी, सडपातळ. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती याच जातीची. अप्पा म्हणाले, "ही तर पोराची बंदूक." दुसरी .३७५, हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेल्या काडतुसाची, माउझरच्या बोल्टवर बांधलेली. नळीचा निळा रंग उडालेला, दस्त्यावर ओरखडे. मिस्त्री म्हणाले, "सावकार, भेकरापासून गव्यापर्यंत एकच रायफल ठेवायची तर ही. हिचं काडतूसही त्यातल्या त्यात मिळतं."

अप्पांचं लक्ष तिसरीवर होतं. दोन नळ्या शेजारी शेजारी, अक्रोडाच्या दस्त्यात धुराच्या वेटोळ्यासारख्या काळ्या रेघा, पोलादावर बारीक वेलबुट्टी, ओक लाकडाच्या पेटीत मखमलीचं अस्तर. .४७०. हा बोअर निघण्यामागेही आपला देशच आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअर बंद केला. त्यांच्या जुन्या लष्करी रायफलींचा तोच बोअर, तेव्हा गोळ्या बंडखोरांच्या हाती लागू नयेत ही भीती. मग लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७० असे शेजारचे बोअर पुढे आणले.

दुनळीचं मर्म मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं, बहुधा अप्पा ऐकत नव्हते म्हणून. दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित जवळ येतात. कारागीर बार काढतो, डाख गरम करतो, टोकामधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा बार काढतो, असं करीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एका जागी आणतो. तेही एका विशिष्ट काडतुसावर. आपल्या उन्हात कॉर्डाइट दारू जास्त जोर करते म्हणून इकडे यायच्या कित्येक रायफली हलक्या भरणीच्या काडतुसांवर जुळवलेल्या असत. काडतूस बदललं की गोळ्यांची फारकत.

"आणि हे दोन चाप," मिस्त्री म्हणाले. "पुढला उजव्या नळीचा, मागला डाव्या. बोल्ट ओढायला नको, दुसरा बार तयारच असतो. जनावर अंगावर आलं तर माणूस वाचतो तो मागल्या चापावर."

मग त्यांनी अप्पांना उभं केलं. "सावकार, डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा. आता उघडा. माशी कुठं दिसते?"

अप्पा पाच फूट चार इंच. रायफल बनवून घेतलेली एका सहा फुटी सरदाराच्या मापावर. दस्त्याचं टोक कोटाच्या बगलेत अडकलं, मान पुढे ताणावी लागली. माशी खाचेत नव्हती, खाचेच्या वर कुठेतरी होती. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून नकळत मान हलवली.

"दस्ता इंचभर कापूया की," ते म्हणाले.

"एवढं लाकूड कापायचं? वेड लागलंय काय?" अप्पा म्हणाले आणि साडेचार हजार रुपये मोजले. निपाणीत तेवढ्यात तेव्हा लहानसं घर आलं असतं.

काडतुसं मात्र दोन डझनच मिळाली. परदेशी माल, दुर्मिळ, महाग. त्यामुळे सरावाला म्हणून अप्पांनी उण्यापुऱ्या दोन वर्षांत सात बार काढले. मी मोजले होते, कारण दर बारानंतर नळी धुवायचं काम माझं. त्या काडतुसांच्या टोप्यांत क्षार असे; तसाच राहिला तर रात्रीत गंज धरायचा. म्हणून नरसाळं लावून किटलीतलं उकळतं पाणी नळीतून सोडायचं. मग कोरडी चिंधी, मग तेल. तापलेली नळी फडक्यात धरून आरपार बघितलं की आतले पेच आरशासारखे फिरत जाताना दिसायचे. इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात दुसरी हाताळलेली नाही. हे आजही म्हणेन.

१९६३ च्या फेब्रुवारीत दांडेलीच्या जंगलात मुक्काम होता. परवाना होता, बरोबर दोन स्नेही होते, आणि माग काढायला खानापूरकडचे दाजी. आम्ही सगळे त्यांना दाजीच म्हणत असू. शेणाला बोट लावून गवा किती वेळापूर्वी गेला हे सांगणारा माणूस.

मी तंबूत होतो. सकाळी आठच्या सुमारास बार ऐकू आला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा बार झालाच नाही. मग माणसांचा ओरडा.

गवा खांद्याच्या वर लागला होता. नेम उंच गेला. तो वळून आला तो थेट वाटेत उभ्या दाजींवर. त्याने त्यांना उचलून बाजूला टाकलं आणि वेळूच्या बेटात शिरला. दाजींचं खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर घालून त्यांना जीपपर्यंत आणलं, तिथून मिरजेला. गवा दुसऱ्या दिवशी बरोबरच्यांनी माग काढून पाडला. रात्रभर तो तसाच जखमी होता, हेही सांगायला हवं.

त्या गडबडीत कुणीतरी रायफल माझ्या हाती दिली. मी ती सवयीने उघडली. उजव्या नळीतलं रिकामं काडतूस टणकन उडालं. डाव्या नळीतलं वर आलं ते अख्खं. भरलेलं. मी ते उलटं करून बघितलं. बुडातली टोपी गुळगुळीत, नव्या पैशासारखी. पिनचा ठसा नाही, ओरखडासुद्धा नाही.

संध्याकाळी अप्पा जंगलखात्याच्या साहेबांना सांगत होते, "दुसरं काडतूस फुसकं निघालं हो." सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी नरसाळ्यातून पाणी ओतत होतो. ते काडतूस मी केव्हाच पट्ट्यात बाकीच्यांबरोबर खोचून टाकलं होतं.

अप्पांनी पुढलाच चाप पुन्हा दाबला होता. रिकाम्या नळीचा. ज्याचा हात दुनळीवर बसलेला नाही अशा कुणाचंही घाबरल्यावर हेच होतं. त्यात लाजिरवाणं काही नव्हतं, हे मला आज कळतं.

दोनेक महिन्यांनी अप्पा दस्ता कापून घ्यायला कोल्हापूरला गेले. मिस्त्री म्हणाले, "बघू ते फुसकं काडतूस." अप्पा म्हणाले, टाकून दिलं. मिस्त्रींनी चहा संपवला. "सावकार," ते म्हणाले, "आमच्या शिकारखान्यात नवा माणूस आला की महिनाभर रोज संध्याकाळी रिकाम्या नळ्यांवर शंभर वेळा. पुढला, मागला. पुढला, मागला." दस्ता न कापताच आम्ही परत आलो. अप्पांनी ती रायफल पुन्हा जंगलात नेली नाही.

दाजी काठी घेऊन चालू लागले. अप्पांनी त्यांना वखारीवर राखणदार ठेवलं, त्यांच्या पोराला तिथेच कामाला घेतलं. दारात बसून दाजी आल्यागेल्याला गोष्ट सांगायचे: "सावकारांचा नेम काय चुकणार? नशीब माझं, काडतूसच फुसकं निघालं." वीस वर्षं मी हे ऐकलं. १९८४ साली अप्पा गेले, रायफल मी परवानाधारक व्यापाऱ्याला देऊन टाकली. त्यानंतर दोन वर्षांनी दाजी गेले. त्यांना मी सांगितलं नाही.

आपल्याकडे तो सगळाच प्रकार संपला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही बंद केली. योग्यच झालं. पण पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं.

मी त्याला विचारलं, "एल्क किती अंतरावरून मारता?" दोनशे यार्ड, कधी तीनशे. मग दुनळीचं तिथे काय काम? तिच्या गोळ्या जुळवलेल्या शंभराच्या आतल्या. दहा हजार फुटांवर दिवसभर चालायचं, आणि साडेदहा-अकरा पौंडांचं धूड खांद्यावर. "बोल्टची घे," म्हटलं. "माउझरची १८९८ ची रचना आजही खोटी ठरलेली नाही, काडतूस मॅगझिनमधून सुटतं तेव्हाच ते बुडाशी पकडते, घाईत अर्धवट ओढलं तरी घोळ होत नाही. बोअर .३०-०६ किंवा .२७० बस्स झाला. दोन्ही शंभरीच्या आसपासचे, काडतूस गावोगाव मिळतं. आफ्रिकेला जाशील तेव्हा .३७५ बघू. लाकूड हवं तर घे, पण रेघा मनगटाशी सरळ असलेलं. वेटोळी दस्त्याच्या मागच्या भागात असू देत, बर्फात लाकूड फुगतं. निम्मे पैसे रायफलीला घाल. उरलेल्यांतून चांगली दुर्बीण, आणि बाकी सगळी काडतुसं. आणि आधी दस्त्याचं माप. बाकी नक्षी-बिक्षी नंतर."

तो थोडा हिरमुसला. "पण काका, आजोबांची रायफल चांगलीच होती ना? दुसरं काडतूस फुसकं निघालं म्हणून, नाहीतर..."

भिंतीवर अप्पांचा फोटो आहे. फेटा, कोट, वखारीच्या दारातला.

"काडतूस चांगलं होतं," मी म्हणालो. "मी बघितलंय ते. टोपीवर ठसाच नव्हता."

पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं लाइन तुटली.

मग तो म्हणाला, "काका, ते माप कोपरापासून कुठपर्यंत घ्यायचं म्हणालात?"

"हात काटकोनात वाकव," मी सांगितलं. "कोपराच्या आतल्या बाजूपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत. काकूला नको, दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांग. स्वतःचं स्वतः घेतलं की चुकतं."